दहा पॉइंट दोन

कोरगावच्या सुमंगला परबला कुणी ‘एवढं काय त्यात’ म्हटलं की त्या माणसाचं काही खरं नसे. डिचोलीच्या कॉलेजात रसायनशास्त्राची तात्पुरती लेक्चरर म्हणून ती लागली त्याला दोन वर्षं झाली होती. नेमणुकीची ऑर्डर दर जूनला नवी निघायची, म्हणजे निघाली तर. कोरगावहून पेडणे, पेडण्याहून म्हापसा आणि म्हापशाहून डिचोली असा तीन बसगाड्यांचा प्रवास करून बाई पहिल्या तासाला हजर असायची. घरात आई आणि शिकणारी धाकटी बहीण, दोघींचा भार हिच्यावर. त्यामुळे त्या जूनच्या ऑर्डरकडे तिचं घर डोळे लावून बसलेलं असायचं.

गोवा राज्य झालं त्याच्या पुढच्या वर्षीची ही गोष्ट. स्टाफरूममध्ये कोंकणी की मराठी यावरून रोज चहा गार व्हायचा. मुलं मात्र वर्गात तिसऱ्याच भाषेत, इंग्रजीत, पाठ केलेलं घडाघडा म्हणून दाखवायची. अर्थ विचारला की माना खाली. सुमंगलाला वाटायचं, आपलंच शिकवणं कमी पडतं. तेही खरं असेल, पण सगळं खरं नव्हतं. बाकीचं तिला एका सकाळी प्रयोगशाळेत कळलं.

म्हापशाची बस त्या दिवशी कधी नव्हे ती लवकर मिळाली. प्रयोगशाळेत शिरते तर तिथला सेवक कृष्णनाथ ब्युरेटसमोर उभा. कारापूरचा हा गृहस्थ सातवीपर्यंत शिकलेला, पण हात असा स्थिर की काचेच्या उभ्या नळीतून आम्लाचा एकेक थेंब सांगून पाडावा. खाली फ्लास्कात गुलाबी झालेलं अल्कलीचं द्रावण होतं. आम्ल पुरेसं पडलं की गुलाबी रंग जातो, तिथं थांबायचं आणि किती मिलिलिटर आम्ल लागलं ते नळीवर वाचायचं, एवढाच तो प्रयोग. कृष्णनाथने रंग जाताच आकडा वाचला, मान हलवली आणि आम्लाच्या मोठ्या बाटलीत थोडं पाणी घातलं. पुन्हा प्रयोग, पुन्हा पाणी.

“कृष्णनाथबाब, कितें चल्लां?”

“दहा पॉइंट दोनाक हाडतां, बाय,” तो म्हणाला. “पोरांच्या जर्नलांत तो आकडो आसा न्हय? आमचें आम्ल दहा पॉइंट सातार गेलें तर भुरगीं भियेतात. म्हणून दर वर्सा हांव आम्लच त्या आकड्याक बसयतां.”

सुमंगला स्टुलावर बसली. मुलं प्रयोग करून आकडा लिहीत नव्हती. वरच्या वर्गातल्या मुलांच्या वह्यांमधून आकडा आधीच ठरलेला होता आणि बिचारं आम्ल त्याच्यासारखं वागायला शिकवलं जात होतं! अख्ख्या कॉलेजात हा प्रयोग खरोखर करणारा माणूस एकच, आणि तो सातवी पास. तिला हसू आलं आणि पाठोपाठ संतापही आला.

“आज आणीक एक लिटर उदक घालात,” ती म्हणाली.

“चार लिटरांत एक लिटर? आकडो बारा पॉइंट सातार वतलो, बाय!” कृष्णनाथ कपाळाला हात लावून म्हणाला. “आनी आज परीक्षा.”

“म्हणूनच.”

पहिल्या वर्षाची एक्केचाळीस मुलं त्या दिवशी तीन तुकड्यांत परीक्षेला बसली. संध्याकाळी सुमंगलाने पेपर तपासायला घेतले. दहा पॉइंट दोन. दहा पॉइंट दोन. दहा पॉइंट दोन. एकानेही साडेबाराच्या पुढचा आकडा लिहिला नव्हता. काहींनी प्रयोग केला असणार, डोळ्यांना वेगळं दिसलंही असणार, पण डोळ्यांपेक्षा वहीवर विश्वास जास्त. तिने एक्केचाळीस भोपळे मांडले.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात नुसता कल्लोळ. जयराम नावाचा मुलगा सगळ्यांत पुढे. तो तिच्याच कोरगावचा, बापाची काजूच्या फेणीची भट्टी. तोंडाने तिखट.

“मिस, आकडो चुकीचो आसा तर आमच्या सीनियरांक पैकींच्या पैकी कशे मेळ्ळे?”

“तूं कोणाच्या वहीवयल्यान उतरयलो? हाड ती, पळोवया.”

त्याने चुलतभावाची वही आणली. चुलतभावाने ती एका मुलीच्या वहीवरून उतरवली होती, ती वहीही आली. तिनं जिच्यावरून उतरवली ती तिसरी वही दुपारी कुणीतरी घरून शोधून आणली. कव्हर गेलेलं, पानं पिवळी, अक्षर गोल गोल. सुमंगलाने पहिलं पान उलटलं आणि तिच्या कानशिलांतून वाफ निघाल्यासारखं झालं. ती वही तिचीच होती. आठ वर्षांपूर्वी याच कॉलेजात पहिलं वर्ष पास झाल्यावर तिने ती मागच्या वर्गातल्या मैत्रिणीला देऊन टाकली होती.

वर्गाला यातलं काहीच कळलं नसतं. कव्हर नाही, नाव नाही. वही मिटून टेबलावर ठेवायची आणि रागावायचं, एवढंच करायचं होतं. तिला तो मोह झाला, अगदी क्षणभर नव्हे, चांगला पाच मिनिटं झाला.

मग ती म्हणाली, “ही वही माझी आहे. हा आकडा मी मोजलेला नाही. माझं ब्युरेट गळत होतं, तास संपत आला होता, मी शेजारणीचं बघून लिहिलं. तिनं कुठून आणलं ते मला माहीत नाही. मलाही पैकीच्या पैकी मिळाले आणि त्याची लाज मला आज वाटते आहे.”

 

पुढचे आठ दिवस तिने पुस्तक उघडलं नाही. रोज सगळ्यांसमोर स्वतः प्रयोग केला. पहिल्याच दिवशी तोटी जरा उशिरा बंद झाली, आकडा चुकला. तिने तो न खोडता फळ्यावर लिहिला आणि शेजारी चूक का झाली ते लिहिलं. मग तिचे मुलांना प्रश्न सुरू झाले. इंग्रजीत नको, कोंकणीत सांगा, मराठीत सांगा, घरात बोलता तसं सांगा.

“फ्लास्कात अल्कली मोजून घातला. मागिर वयर थोडें उदक पडलें. आकडो बदलतलो?”

“बदलतलो!” सगळा वर्ग एका सुरात.

“जयराम, एक कोप फेणी. तातूंत दोन कोप उदक घातलें आनी सगळें पियेलो. पोटांत फेणी किती?”

जयरामने आधी दाराकडे बघितलं, बाप येतो की काय तसं. “एकूच कोप, मिस.” आणि मग त्याचा चेहरा उजळला. “म्हणजे अल्कली तितलोच! उदकान फक्त पातळ जालो. आकडो बदलचो ना!”

हा प्रश्न त्या कॉलेजात आधी कुणी विचारला नसावा. विचारला असता तर उत्तर इंग्रजीत आलं असतं, म्हणजे आलंच नसतं.

फेरपरीक्षेला कृष्णनाथने सहा वेगवेगळ्या ताकदीचं आम्ल केलं, बाटल्यांवर नुसते नंबर. आयुष्यात पहिल्यांदा त्याला आम्ल कशालाही बसवायचं नव्हतं आणि तो लग्नघरातल्या माणसासारखा मिरवत होता. आकड्याला दहा गुण आणि तोंडी कारणांना पंधरा, असं सुमंगलाने फळ्यावर आधीच लिहून ठेवलं.

तेहेतीस मुलांचे आकडे बरोबर आले. आठ चुकले. त्या आठांतली योगिता टेबलाशी आली तेव्हा तिचे डोळे भरलेले होते.

“मिस, म्हजो आकडो दीडान वयर आसा. शेजारच्या मुलीकडेन त्याच नंबराची बाटली, तिचो आकडो हांवें आयकलो. पूण म्हजो तो न्हय.”

“का चुकला सांगशील?”

“ब्युरेट उदकान धुतलें आनी आम्लान विसळूंक विसरलें. भितर उदक उरिल्लें, आम्ल पातळ जालें. म्हणून आम्ल जास्त लागलें.”

सुमंगलाने आकड्याला शून्य दिलं आणि कारणांना पंधरापैकी पंधरा. योगिता पास झाली. उरलेल्या सात जणांना आकडा का चुकला ते सांगता आलं नाही. त्यांत जयराम होता. त्याने वर्गातली सगळी उत्तरं जोरात दिली होती, पण परीक्षेत स्वतःच्या बाटलीपुढे त्यातलं एकही त्याला लावता आलं नाही.

प्राचार्य सदाशिवबाब वाईट मनुष्य नव्हते. कॉलेज लहान, निकालावर लोकांचा डोळा, आणि जयरामचा बाप सकाळीच येऊन आवाज चढवून गेलेला.

“सात पोरांचो प्रश्न,” ते म्हणाले. “पाच-पाच गुण वाढवा. एवढं काय त्यात?”

“त्यांना समजलेलं नाही, सर.”

“समजेल हळूहळू. तुमच्या जूनचा विचार करा, बाई.”

सुमंगलाला आई दिसली, बहिणीचं पुढचं वर्ष दिसलं.  तरीही तिने यादी पुढे केली, तशीच, सही करून. “जूनचा विचार केला, सर. मग सही केली.”

मे महिन्याच्या मध्यावर कॉलेजचं पत्र आलं. जागा नव्याने भरली जाणार होती आणि सातांची पुनर्परीक्षा दुसरे सर घेणार होते. आई पत्र दोनदा वाचून चुलीकडे गेली.  गावात जयरामच्या बापाने भट्टीवर चार लोकांत सांगितलं की शिकलेल्या बाईला शहाणपण नसतं. सुमंगला पेडण्याच्या एका हायस्कुलात अर्ज देऊन आली.

त्यानंतरच्या रविवारी सकाळी अंगणात पावलं वाजली. जयराम होता. मागे सहा जण, पेडण्याच्या पहिल्या बसने आलेले, घामाघूम. जयरामच्या हातात टॉवेलात गुंडाळलेलं लांबट काहीतरी होतं. कृष्णनाथबाबनी जुनं ब्युरेट दिलंय, कॉलेजने मोडीत काढलेलं, असं त्याने घाईघाईने सांगितलं.

“तुमची परीक्षा दुसरे सर घेणार आहेत ना रे? सोपी असेल ती,” सुमंगला म्हणाली. तिला आवाज कोरडा ठेवायचा होता, पण तो तसा राहिला नाही.

“सोपीच आसा, मिस. ते आमकां पास करतले,” जयराम म्हणाला. “पूण आमकां समजलां काय ना, तें ते सांगचे नात. तें तुमकांच सांगूं येता.”

 सुमंगला वळली आणि तिने आईला हाक मारून सात जणांना पेज वाढायला सांगितलं. मग स्टूल अंगणात ओढून बसली.

“एकदम सगळ्यांनी बोलायचं नाही. जयराम, तू पयलो.”