थोरलीच्या नावावर

डूख धरण्यात धाकटीचा हात कुणी धरू शकला नसता. इतर माणसं रागावतात, चार दिवस धुमसतात आणि मग समोरच्याच्याच घरी जाऊन चहा पिऊन येतात. धाकटीही थोरलीच्या घरी चहा प्यायची, कपबशी विसळून पालथी घालायची, निघताना दोन शब्द हसून बोलायची. राग मात्र होता तिथून तसूभर हलत नसे.

या दोघी जावा. अख्खी कामगार वसाहत त्यांना थोरली आणि धाकटी म्हणूनच ओळखायची. थोरलीचा नवरा कारखान्यात पक्क्या नोकरीत, म्हणून क्वार्टर, म्हणून कारखान्याचा दवाखाना, म्हणून नाक वर. धाकटीचा नवरा टेम्पो चालवायचा. तो गेला तशी ती एका गॅरेजच्या मागच्या खोलीत गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवायला लागली, ती अजून शिवते आहे. अंगावर स्पंजचा भुसा, कानात मशीनची घरघर आणि जाड रेक्झिनमधून सुई ओढून ओढून अंगठ्याला पडलेला घट्टा. त्याच कामावर तिने लेक शिकवली. लेक परदेशी गेली, तिथे स्थिरावली आणि आईला कायमचं बोलावून घ्यायला तिने अर्ज केला.

अर्ज अडकला. लेकीच्या जन्मदाखल्यावर आईच्या रकान्यात थोरलीचं नाव होतं आणि वडिलांच्या रकान्यात थोरल्या दिरांचं. ज्या बाईला आई म्हणून बोलावताय तिचं नाव दाखल्यावर नाही, हे कसं, असं तिकडच्या कचेरीने विचारलं होतं. याचा उलगडा होईपर्यंत धाकटीचं जाणं बंद.

परदेशी जाणाऱ्यांची कागदपत्रं करून देणारी एक बाई बाजारात दुसऱ्या मजल्यावर बसायची. सगळे तिला कागदवाल्या बाई म्हणत. त्यांची पाठ धरलेली असायची आणि धाकटीच्या मते त्यात नवल नव्हतं, कारण त्यांच्या खुर्चीचा स्पंज कधीच बसला होता. बाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"दोन रस्ते आहेत," त्या म्हणाल्या. "एक म्हणजे टेस्ट. गालाच्या आतून कापसाची काडी फिरवतात. तुमचा नमुना इथे घ्यायचा, मुलीचा तिथे. जुळलं की मिटलं. दुसरा रस्ता लांबचा. दाखल्यावर ज्यांचं नाव आहे त्यांनी नोटरीपुढे शपथेवर सांगायचं, की मी हिची आई नाही. सोबत त्या वेळेपासून ओळखणारे दोन साक्षीदार. आणि एवढं करूनही टेस्ट मागतीलच बहुतेक."

"दुसरा," धाकटी म्हणाली.

"अहो, पहिला सोपा आहे."

"ती टेस्ट सांगणार काय, तर पोरगी माझी. ते मला माहीत आहे. मला थोरलीच्या तोंडून ऐकायचंय."

बाईंनी पेन खाली ठेवलं. मग धाकटीने त्यांना मुळापासून सांगितलं. एकदा तोंड उघडल्यावर ती थांबणार नव्हतीच. बाईंनी पेन परत उचललं आणि त्या लिहून घेत राहिल्या.

झालं होतं ते असं. धाकटीचे दिवस भरले आणि बाळ पोटात आडवं आहे असं निघालं. बाहेरच्या दवाखान्याचा खर्च टेम्पोवाल्याच्या आवाक्यातला नव्हता. कारखान्याच्या दवाखान्यात सगळं फुकट, पण ते कामगारांच्या बायकांना. तेव्हा वसाहतीत हे सर्रास चालायचं. कुणाची बहीण, कुणाची भावजय, कार्ड एकीचं आणि बाळंतीण दुसरी. नर्सलाही ठाऊक असायचं, ती तोंडाकडे बघायचीच नाही. थोरलीने आपलं कार्ड दिलं. देताना एवढंच बजावलं, "माझं नाव घेतलं की ओ द्यायची. चुकलीस तर यांची नोकरी गेली म्हणून समज."

धाकटीने ओ दिली. कळा येत होत्या तेव्हाही थोरलीच्या नावाला ओ दिली. बाळाच्या मनगटाला चिठ्ठी बांधली तीही थोरलीच्या नावाची. जन्माची नोंद दवाखान्यातूनच परस्पर झाली आणि दाखला निघाला तो तसाच.

उपकार होता, हे धाकटीने कधी नाकारलं नाही. पण उपकार करणाऱ्याने तो विसरायचा असतो की नाही? थोरलीला स्वतःचं मूल झालं नाही. पोरगी चालायला लागली, गोड दिसायला लागली, तशी थोरलीची जीभ सुटली. "कागदोपत्री माझीच आहे ती," असं आधी हसत म्हणायची. मग हसणं गेलं आणि वाक्य तेवढं राहिलं. संध्याकाळी फिरायला जाताना तिच्या दोन मैत्रिणी बरोबर असायच्या, एक पोस्टातली आणि एक शिवणक्लासवाली. वसाहतीतली बातमी या दोघींकडून पुढे जायची आणि जाताना चांगली फुगून जायची. त्या दोघींसमोर तर थोरली पोरीचे गुण असे सांगायची, जणू रात्र रात्र हीच जागली आहे. पोरगीही तिला मोठी आई म्हणायची. तिला काय कळत होतं?

आणि मग शाळेतलं बक्षीस. पोरगी पहिली आली. मुलीच्या गळ्यात पदक आईने घालायचं असं त्या वर्षी ठरलं होतं. धाकटी सकाळीच आंघोळ करून, अंगावरचा भुसा घासून घासून काढून गेली. दारात शाळेच्या बाईंनी विचारलं, "आपण मुलीच्या कोण?" दाखला शाळेत होता. थोरल्या दिरांची नोकरी पणाला होती. धाकटी म्हणाली, "काकू." मग माईकवरून आईचं नाव पुकारलं. थोरली पहिल्या रांगेतून उठली, पदर सावरला आणि चढली स्टेजवर. टाळ्या पडल्या. धाकटी मागे भिंतीला टेकून उभी होती. तिच्या हातात पोरीचं दप्तर होतं, पाण्याची बाटली होती आणि थोरलीची पर्सही होती.

पुढे कारखाना बंद पडला. दवाखान्याला टाळं लागलं. कुणाची नोकरी जायची राहिली नव्हती आणि कुणी विचारायलाही उरलं नव्हतं. तेव्हा एकदा तरी थोरलीने म्हणावं, चल गं, आता ते नाव दुरुस्त करून टाकू. धाकटी वाट बघत राहिली. थोरली बोलली नाही. डूख धरला गेला तो तेव्हा, त्याआधी नुसतं दुखणं होतं.

"साक्षीदार मीच आणते," सगळं सांगून झाल्यावर धाकटी कागदवाल्या बाईंना म्हणाली. "आणि तिच्या कागदात एक ओळ घाला. मला स्वतःला मूल झालेलं नाही, अशी."

"तिची काही गरज नाही."

"असू द्या."

त्याच दिवशी ती थोरलीकडे गेली. थोरले आरामखुर्चीत डुलक्या काढत होते. थोरलीने चहा टाकला.

"सही लागणार आहे तुमची," धाकटी म्हणाली. "त्याशिवाय माझं जाणं होत नाही."

"एवढंच ना? आण की कागद घरी, करते सही."

"घरी नाही चालत, जाऊबाई. नोटरीपुढे वाचावं लागतं. साक्षीदार लागतात."

"कोण साक्षीदार?"

"तुमच्याच मैत्रिणी की. पोस्टातली आणि क्लासवाली. त्या वेळेपासून ओळखणारं दुसरं कोण आहे?"

थोरलीचा हात चहाच्या गाळणीवर तसाच राहिला. "त्या कशाला? दुसरा काही मार्ग नाही का गं?"

"नाही," धाकटी म्हणाली. हे सरळसरळ खोटं होतं आणि ते बोलताना तिला इतकं बरं वाटलं, की चहात साखर कमी आहे हेसुद्धा तिने मनावर घेतलं नाही.

लेकीने फोनवर टेस्टचं विचारलं तेव्हा धाकटीने तीही करू म्हणून वेळ मारून नेली. "मोठ्या आईला त्रास नको हां देऊ," लेक म्हणाली. त्या वाक्याने तर आगीत तेलच पडलं.

ठरल्या दिवशी सगळे नोटरीच्या खोलीत जमले. खोली अरुंद. भिंतीला लावलेलं लोखंडी कपाट, टायपिंगचं टेबल आणि दारापर्यंत पोचलेली रांग. थोरले बाहेर बाकावर बसले. पोस्टातली आणि क्लासवाली दोघी नटून आल्या होत्या आणि कशावर सही करायची आहे हे त्यांना धाकटीने मुद्दामच सांगितलं नव्हतं.

नोटरी म्हातारे आणि शिस्तीचे होते. "मी शिक्का मारतो तो ऐकून," ते म्हणाले. "वाचा."

थोरलीने चष्मा लावला आणि पुटपुटत सुरुवात केली.

"मोठ्यानं वाचा, जाऊबाई," धाकटी म्हणाली. "साक्षीदारांना ऐकू येत नाही."

थोरलीने मोठ्याने वाचलं. या मुलीला मी जन्म दिलेला नाही. माझं कार्ड दुसऱ्या बाईने वापरलं. दाखल्यावर माझं नाव आहे ते खोटं आहे. पोस्टातलीने क्लासवालीकडे पाहिलं. रांगेतली माणसंही आता गप्प झाली होती, फुकटचं ऐकायला कुणाला नको असतं. धाकटी थोरलीच्या तोंडाकडे टक लावून होती. एक शब्दसुद्धा तिला सोडायचा नव्हता.

पुढच्या ओळीवर थोरली थांबली. तिने ती मनात वाचली, परत वाचली. मान वर करून धाकटीकडे पाहिलं. ती ओळ तिथे कुणी घातली हे तिला विचारावं लागलं नाही.

"मला स्वतःला मूल झालेलं नाही," तिने वाचलं. आवाज नीट लागला नाही, पण रांगेच्या टोकापर्यंत पोचला. क्लासवाली खाली जमिनीकडे बघू लागली.

धाकटीला काय वाटलं म्हणाल, तर आनंद झाला. उगाच दुसरं काही सांगण्यात अर्थ नाही. इतक्या वर्षांचं उट्टं निघालं आणि ते असं भरल्या खोलीत निघालं.

"आता तुमचं," नोटरी म्हणाले.

"माझं?"

"खऱ्या आईचंही लागतं," कागदवाल्या बाईंनी तिच्यापुढे दुसरा कागद सरकवला. "त्या दिवशी तुम्ही सांगितलंत तसंच लिहिलंय."

थोरलीचा कागद धाकटीने ओळ न् ओळ तपासला होता. स्वतःचा कागद बघायचं तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. तिने वाचायला घेतलं. बाळंतपणात मी दुसऱ्या नावाला ओ दिली. इथवर ठीक होतं. त्यानंतरही जिथे जिथे विचारणा झाली तिथे मी या मुलीची आई असल्याचं नाकारलं. शाळेत विचारलं तेव्हा मी...

दप्तर, बाटली, पर्स, सगळं एकदम हातात आल्यासारखं झालं. थोरलीचे दोष ती इतकी वर्षं मोजत आली होती. नाकारलं कुणी, हे तिने कधी स्वतःशीसुद्धा उच्चारलं नव्हतं.

थोरलीने चष्मा काढून पर्समध्ये ठेवला. "मोठ्यानं वाच," ती म्हणाली. "मागे ऐकू येत नाही."

"शाळेत विचारलं तेव्हा मी मुलीची काकू आहे असं सांगितलं," धाकटीने वाचलं.

शिक्के पडले. चौघींच्या सह्या झाल्या. पोस्टातली आणि क्लासवाली घाईघाईने निघाल्या. संध्याकाळपर्यंत वसाहतभर काय काय होणार होतं, ते त्यांच्या चालीवरूनच कळत होतं. कागदवाल्या बाई कागद गोळा करता करता सहज बोलून गेल्या, "हे पाठवू. टेस्ट मात्र करावी लागेलच, ती टळत नाही."

"टेस्ट?" थोरलीने विचारलं.

बाईंनी सांगितलं. कापसाची काडी, गाल, जुळलं की मिटलं.

थोरलीने सगळं ऐकलं. "म्हणजे माझी सही नसती तरी चाललं असतं."

"चाललं असतं," धाकटी म्हणाली.

"तुला माहीत होतं."

"पहिल्या दिवसापासून."

थोरली यावर भांडेल, रडेल, निदान शिव्या घालेल, अशी धाकटीची तयारी होती. थोरली बाहेर आली आणि जिन्याचा कठडा धरून उभी राहिली. खाली थोरले एक एक पायरी उतरत होते.

"आता पोरगी मला काय म्हणेल गं?" तिने विचारलं.

धाकटीला दया आली का? आली, थोडी आली. ती तिने गिळली. या एका उत्तरासाठी तर तिने एवढा खटाटोप केला होता.

"काकू," ती म्हणाली.

नमुना द्यायला धाकटी एकटीच गेली. गॅरेजमधून परस्परच गेली आणि बाहीवर स्पंजचा भुसा तसाच होता. बाकावर बायका ओळीने बसल्या होत्या. बऱ्याच वेळाने आतून नर्सने पुकारलं. नाव धाकटीचं होतं, स्वतःचं, पूर्ण.

ती लगेच उठली नाही. आधी तिने डावीकडे पाहिलं, मग उजवीकडे पाहिलं, दुसरी कोणी उठत नाही ना म्हणून. कोणी उठलं नाही. मग ती उठली.