दिवेबाईचा फोटो

दिवेबाईचं डोकं सकाळी साडेनऊलाच फिरलं, आणि का फिरू नये? दवाखान्याच्या दारात पुरुषभर उंच फलक, त्यावर दोन चेहरे. 'उपचाराआधी' म्हणून खुद्द दिवेबाई, डोळ्यांखालच्या पिशव्यांसकट. 'दहा आठवड्यांनंतर' म्हणून तिची लेक! नाक तेच, जिवणी तीच. आईच्या हनुवटीवरचा तीळ लेकीला नाही, तर तिच्या फोटोवर तो पेन्सिलीनं काढलेला. म्हणजे कमालच झाली!

सुरकुत्या कमी व्हाव्यात म्हणून लाल दिव्यांखाली निजवतात ना, ते यंत्र ती अकरा वर्षं चालवत होती, म्हणून सगळ्यांची दिवेबाई. डोळ्यांवर काळा चष्मा चढला की बायका बावरतात, म्हणून वीस मिनिटं ती त्यांचा हात धरून बसायची. कुणी विचारलं तर थापा मारायची नाही. "बारीक रेषा जरा कमी दिसतील, ताई. जादू नाही ही." बायका तिच्या शब्दावर यायच्या.

महिन्यापूर्वी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "नवा कॅमेरा तपासू या," आणि पावडर पुसायला लावून तिचा फोटो काढला. लेक घराची किल्ली द्यायला आली, तर तिलाही बसवलं. मायलेकी खिदळत बसल्या. काय तो गाढवपणा!

ती तडक आत गेली. "बाई, तो फलक काढा."

"अगं, कोण बघतंय एवढं? आणि बायकांचा तुझ्यावर विश्वास आहे, तो आपल्याच कामी येतो. नोकरी हवीय ना?"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण नोकरी हवी होती, घर तिच्यावरच चालायचं. ती दात-ओठ खात दिव्यांच्या खोलीत गेली.

पहिलीच बाई नवीन. घरी ऊठसूट 'म्हातारी' म्हणून टाकून बोलतात, म्हणून आलेली. चष्मा चढवून ती निजली आणि तिनं चाचपडत दिवेबाईचा हात धरला.

"बाहेर फलकावर आहे ती तुमची बहीण का हो? किती दिवसांत पडला तिला एवढा फरक?"

दिवेबाईनं बटणावरचं बोट काढलं. मग तिचा चष्माही काढला.

"नीट बघा. पहिली मीच. दुसरी माझी पोरगी. आमच्यात सव्वीस वर्षांचा फरक आहे."

दारात डॉक्टरीणबाई येऊन उभ्या होत्या. दिवेबाईनं तिकडे मान वळवली नाही, हातही सोडला नाही.

"बोला ताई, लावू दिवे?"