टीसी अंकलची दुसरी नळी

टीसी अंकल दार उघडण्याआधी तीन प्रश्न विचारत: कोण, कशाला, आणि कोणी पाठवलं. कल्याणला आम्ही अकरा वर्षं त्यांच्या वरच्या मजल्यावर राहिलो. त्यांची बायको गेलेली, मूलबाळ नव्हतं, म्हणून रोज संध्याकाळी मी तांदळाची भाकरी नेऊन द्यायची. तरी तिन्ही प्रश्न कधी चुकले नाहीत. "भाकरी घेऊन आलेय अंकल, आणि मीच मला पाठवलंय," असं म्हटलं की मग कडी निघायची. उभी हयात तिकिटं तपासण्यात गेलेली. समोर आलेला माणूस विनातिकीटच आहे, असं ते धरूनच चालत.

आडनाव मॅकिंटायर. रंगानं माझ्यापेक्षाही सावळे, आणि मी बाळकुमची कोळीण. त्यांची आजी आंबिवलीची, त्यामुळे मराठी अगदी आपल्यासारखं. पणजोबा स्कॉटलंडहून रेल्वेचे डबे बांधायला आले, असं त्यांच्या घरात सांगत. अंकलना तेही पटलेलं नव्हतं. "साहेबाच्या हाताखालच्या माणसाचा बाप्तिस्मा झाला की त्याला साहेबाचंच आडनाव चिकटवायचे गं. माझा पणजोबा साहेब होता, की साहेबाची हत्यारं उचलणारा, कोणाला ठाऊक?" हे ते हसत म्हणायचे, पण त्या दिवशी भाकरी तशीच ताटात राहायची.

दोन वर्षांपूर्वी स्कॉटलंडहून त्याच आडनावाच्या एका बाईंचा मेल आला. जगभर पांगलेल्या मॅकिंटायरांची वंशावळ त्या जमवत होत्या. अंकलना मोबाईलवरचं बारीक दिसायचं नाही, म्हणून मी वाचून सांगितलं. आडनावाचा अर्थ सुताराचा मुलगा. मूळचे लोक बेटावरचे. ते पांढरी गाय होडीत घालून निघाले, आणि गाय जिथे बसली तिथे, डोंगराच्या पायथ्याशी, त्यांनी घर केलं, अशी तिकडची दंतकथा. पुढे जमीन सुटली. कोणी अमेरिकेला गेलं, कोणी कॅनडाला, आणि एक जण हिंदुस्थानात, रेल्वेत. त्याच्यापुढे बाईंच्या कागदावर काहीच नव्हतं.

"गाय बसली म्हणून घर बांधलं?" अंकल म्हणाले. "आपल्या शिवाजी चौकात रोज बसते, तिथे नुसत्या रिक्षा अडकतात. ह्या बाईला काहीतरी हवंय, बघ तू."

हवी होती थुंकी. पार्सलमधून दोन नळ्या आल्या. एक बिघडली तर दुसरी असावी म्हणून. नळीत थुंकून परत पाठवली की रक्ताचं नातं कळणार होतं. अंकलनी ते पार्सल आठवडाभर गॅलरीत ठेवलं, घरात घेतलं नाही. मग एका दुपारी मला खाली बोलावलं आणि पहिली नळी पुढे केली.

"थुंक."

"मी? मी कशाला?"

"वर नाव माझं लिहू. तू पक्की कोळीण. तुला जर त्यांनी स्कॉटलंडची ठरवली, तर समजायचं सगळे चोर."

मला हसू आलं आणि, खरं सांगते, थोडा रागही आला. सरळ लबाडीच होती ती. पण म्हाताऱ्याला नाही म्हणवेना. थुंकले.

दोनेक महिन्यांनी उत्तर आलं. बाईंनी फार जपून लिहिलं होतं, की नमुन्यात स्कॉटलंडचं काहीच सापडलं नाही, सगळे पूर्वज भारताच्या पश्चिम किनाऱ्याचे दिसतात, तरी आपण एकमेकांना लिहीत राहू. मी खूश. "पास झाल्या हो बाई. आता तुमची पाठवू." त्याच दिवशी मी बाईंना खरा प्रकार कळवून माफी मागितली. त्या रागावल्या नाहीत. दुसऱ्या नळीची वाट बघते, एवढंच म्हणाल्या.

दुसरी नळी मात्र अंकलनी कपाटात, ड्यूटीच्या जुन्या टोपीखाली ठेवली. मी विचारलं की आज सर्दी झालीय, उद्या दात दुखतोय. शेवटी मी वैतागले. "आता कसला संशय राहिलाय तुम्हाला?"

"संशय होता तोवर बरं होतं गं," ते म्हणाले. "खोटं बोलणाऱ्याला मी जन्मभर पकडत आलो. ही बाई खरं बोलते. ती उद्या नाही म्हणाली, तर मी कोण? बापाच्या थडग्यावर हेच नाव आहे. मला त्याच्या शेजारी त्याच नावानं झोपायचंय."

मी नळीचा विषय पुन्हा काढला नाही.

या जानेवारीत अंकल गेले. वडिलांच्या शेजारीच जागा मिळाली आणि दगडावर मॅकिंटायर असंच कोरून घेतलं. महिन्याभरानं मी बाईंना कळवलं. त्यांना मनापासून वाईट वाटलेलं दिसत होतं. खाली मात्र त्यांनी विचारलं होतं, की अंकलचा कंगवा घरात असेल का? दोन-चार केस मिळाले तरी काम होईल, आणि त्यांचं नाव वंशावळीत कायमचं घालता येईल.

बाई चांगली आहे, तिचा काही दोष नाही. पण ते वाचलं आणि माझ्याच तोंडी आलं: कोण, कशाला, आणि कोणी पाठवलं.

कंगवा माझ्याकडेच होता. खोली आवरताना सापडला तेव्हा पांढऱ्या केसांसकट तसाच उचलून ठेवला होता. मी तो साबण लावून गरम पाण्यात धुतला, दात न् दात घासला आणि गॅलरीत उन्हात वाळत ठेवला. मग बाईंना लिहिलं की कंगवा आहे, पण त्यात केस नाहीत.