रिअ‍ॅक्टरची खंडेनवमी

गेल्या वर्षी दसरा उरकून रिअ‍ॅक्टर सुरू केला. संध्याकाळी नळ उघडला, तर तेल आपलं तेलच! बायोडिझेलचा पत्ता नाही.

सातपूरच्या एका छोट्या कारखान्यात मी प्रॉडक्शन बघतो. चिवडा-फरसाणवाल्यांचं तळून काळं झालेलं तेल घ्यायचं, मिथेनॉल मिसळून त्याचं बायोडिझेल करायचं. पूर्वी त्यासाठी कॉस्टिक सोडा वापरायचो, पण असल्या जळक्या तेलाचा त्याने निम्मा साबणच होतो. म्हणून लॅबच्या वैशाली मॅडमनी एन्झाइम आणलं. एन्झाइम म्हणजे लग्न जमवणारा मध्यस्थ. तेल-मिथेनॉलची जोडी लावून देतो, स्वतः मोकळाच. हे मूळचं बुरशीचं. पण बुरशी सांभाळणं कटकटीचं, म्हणून तिचा जीन यीस्टमध्ये घातलेला. पाव फुगवणाऱ्या यीस्टचाच हा भाऊबंद, आणि मुकाट्याने दुसऱ्याचं एन्झाइम बनवून देतो. मला तर त्याचं भारी कौतुक. युनियन नाही, कुरकुर नाही.

ते एन्झाइम साबुदाण्याएवढ्या दाण्यांवर बसवून जाळीत ठेवतात. पुढे प्रत्येक बॅचला तेच दाणे.

कारखान्याचे मालक, आमचे शेठ, तापले. "पुढच्या शुक्रवारी डिझेल घेणारी पार्टी सॅम्पल न्यायला येतेय. नाही जमलं तर परत कॉस्टिक. आणि लॅबला कुलूप."

म्हणजे मॅडमची नोकरी गेली, आणि इतक्या वर्षांची मेहनतही.

मॅडमनी जाळी उचलली. "दाणे इतके पांढरेशुभ्र कसे?"

आमचे जुने ऑपरेटर पोपटभाऊ खुशीत पुढे आले. "खंडेनवमीची पूजा नव्हती का! लय मळ बसला होता. सोड्याच्या उकळत्या पाण्यात धुतले, मग हळदकुंकू वाहिलं."

मी कपाळाला हात लावला. उकळतं पाणी, वर सोडा! एन्झाइम जागच्या जागी खलास. ते ऐकून पोपटभाऊंचा चेहरा उतरला. "माझ्यामुळं मॅडमची नोकरी जाती का काय?"

मॅडम चिडल्या नाहीत. फ्रीजमधून एक छोटी बाटली काढली. "यीस्ट जिवंत आहे, भाऊ. पुन्हा बनवून घेऊ."

लॅबमधल्या टाकीत यीस्ट वाढवलं. त्याने इमानदारीत एन्झाइम सोडलं. दाण्यांवर बसवायला वेळ नव्हता, म्हणून मॅडमनी तो द्रवच रिअ‍ॅक्टरमध्ये घातला. राहिलं मिथेनॉल. ते एकदम ओतलं तर एन्झाइम मरतं, थोडं थोडं सोडावं लागतं. मॅडमनी व्हॉल्व्ह दिला पोपटभाऊंच्या हातात.

"अहो मॅडम, पुन्हा त्यांनाच?" मी हळूच म्हटलं.

"इतक्या मायेने दाणे धुणारा माणूस घाई करेल का?"

पोपटभाऊ स्टूल टाकून व्हॉल्व्हपाशी बसले. चहासुद्धा तिथेच मागवला.

शुक्रवारी काचेच्या नळीत दोन थर उभे राहिले. खाली काळपट ग्लिसरीन, वर सोनेरी बायोडिझेल. पार्टीने टेस्ट केली, पास! शेठ एवढंच म्हणाले, "कॉस्टिकची ऑर्डर कॅन्सल करा." पोपटभाऊंनी उपरण्याने डोळे पुसले.

यंदाच्या खंडेनवमीला पोपटभाऊंनी लॅबच्या फ्रीजला झेंडूचा हार घातला. नव्या दाण्यांच्या जाळीला मात्र लांबूनच हात जोडले. मशीन नुसतं लोखंडाचं असेल तर खुशाल घासा. आत कोणी कामाला असेल, तर आधी विचारा.