पेंकालासाहेबांच्या घरातली दुसरी पॉलिसी

पेंकालासाहेब माणूस वाईट नव्हते, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पोलंडमधलं ब्झोझुव्का गाव ते केवढं, चर्चच्या पायऱ्या उतरता उतरता अर्ध्या गावाची उणीदुणी काढून होतात. पण तिथेही त्यांच्याबद्दल कुणी वावगं बोलत नसे. फक्त त्यांच्या ऑफिसातून बाहेर पडलेला माणूस जरा वेळ चौकात उभा राहून स्वतःशीच काहीतरी पुटपुटायचा, एवढंच.

धंदा गाडीच्या विम्याचा. औषधाचं दुकान आणि बेकरी यांच्या मधे एक चिंचोळी खोली, खिडकीत जेरेनियमची कुंडी, टेबलावर काचेच्या पेल्यात गाळ बसलेली कॉफी, आणि टेबलामागे टाय लावलेले रोमुआल्द पेंकाला. कायद्यावर त्यांचा भारी जीव. त्यातही एका नियमाचं त्यांना फार कौतुक. गाडीची सक्तीची पॉलिसी वर्ष संपलं की आपोआप पुढे चालू होते. मालकाला विचारायला नको, त्याची सही नको. नकोच असेल तर त्याने मुदत संपायच्या आदल्या दिवसापर्यंत लेखी कळवायचं. नाही कळवलं तर झाली चालू, काढा पैसे.

आता लोक म्हणजे लोकच. इंटरनेटवर कुठे स्वस्त पॉलिसी दिसली की घेऊन टाकायची आणि जुनी बंद करायचं विसरून जायचं. मग गाडी एक, पॉलिसी दोन, दोन्हीकडून तगादा, आणि माणूस डोकं धरून पेंकालासाहेबांच्या दारात. साहेबांना अशा वेळी विशेष हुरूप यायचा. टाय नीट करून ते खुर्चीत जरा पुढे सरकून बसत.

त्या सकाळी विटोल्ड आला होता. हा चर्चमध्ये ऑर्गन वाजवतो. बाहेर नोव्हेंबरचं धुकं, आणि हा आत येऊन टोपी हातात चुरगाळत ओरडत होता.

“मी फोन केला होता तुमच्या कंपनीला! पोरीला स्पष्ट सांगितलं, मला नको म्हणून!”

“फोन.” पेंकालासाहेबांनी डोळे मिटले. “फोनवर लग्न मोडता येतं का हो?”

“लग्नाचं इथे काय मधेच?”

“लेखी दिलंत का ते सांगा.”

“नाही दिलं. मग आता नवीन घेतलीय ती रद्द करतो, झालं!”

“ती नाही होत. ती तुम्ही स्वतःच्या हाताने सही करून घेतलीत. माणसाने विचार करून घेतलेली राहते, आपोआप चालू झालेली तेवढी जाते. तुम्ही अर्ज लिहा, मी शिक्का मारतो, आणि मधल्या दिवसांचे पैसे मुकाट्याने भरा.”

“अहो, पण मला कुणी विचारलं तरी का, चालू करू का म्हणून?”

“विचारायचं कशाला? नको असतं तर तुम्ही बोलला असता ना.”

विटोल्डचा चेहरा बीटच्या सूपसारखा लाल झाला. तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला.

इथे साहेबांची एक खोड सांगितली पाहिजे. वॉर्साच्या मुख्य ऑफिसातून फोन आला की ते स्पीकर लावायचे. तिथल्या पोरांना आपण कसं फैलावर घेतो, हे समोरच्याला ऐकू यायला नको? त्यांनी ऐटीत बटण दाबलं.

“नमस्कार, पेंकालासाहेब,” एक कोवळा आवाज म्हणाला. “तुमच्या गावातल्या एका ग्राहकाबद्दल होतं. पॉलिसी पुढे चालू झाली, पण पैसे आले नाहीत. आम्ही फोन केला तर बाई म्हणाल्या, मी दुसरीकडे घेतली. म्हणजे दोन पॉलिसींचं प्रकरण दिसतंय.”

“नाव बोला,” साहेबांनी विटोल्डकडे बघून डोळा मिचकावला. “आत्ता सरळ करतो.”

“लुद्विका पेंकाला. चंदेरी स्कोडा.”

विटोल्ड टोपी चुरगाळायचा थांबला आणि फोनकडे वाकला. कोवळ्या आवाजाला त्याचं काय!

“आडनाव तुमचंच आहे, नाही का? नात्यातल्या असतील तर सोपंच झालं. कृपा करून प्रत्यक्ष भेटा आणि ग्राहक नाराज का आहे तेवढं विचारून कळवा.”

पेंकालासाहेबांनी बटण दाबलं, पण आता दाबून काय उपयोग! विटोल्डने शांतपणे टोपी झटकली, डोक्यावर नीट बसवली आणि दारापाशी जाऊन वळला.

“लेखी घ्या बरं का, साहेब. फोनवर मिटवू नका.”

विटोल्डच्या जिभेला हाड नव्हतं, आणि संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर त्याला भेटायला कोण कोण थांबायचं. दिवेलागणीला गावभर बोभाटा झाला, की विमा एजंटच्या बायकोनेच विमा दुसरीकडे काढला.

गाडी लुद्विकाच्या नावावर होती, तिच्या मावशीच्या पैशांतून घेतलेली. लुद्विकाने आयुष्यभर शाळेच्या स्वयंपाकघरात शेकडो पोरांना जेवू घातलं आणि आता ती पेन्शनवर घरी होती. बिलं भरणं तिच्याकडे. साहेब घरी आले तेव्हा तिने झुरेकचं आंबटसर सूप वाढलं, त्यात उकडलेलं अंडं टाकलं आणि समोर बसली. तिच्या चेहऱ्यावर अपराधाची रेघही नव्हती. साहेबांना निम्मा राग तिथेच आला.

“तू किंगाकडे गेलीस?”

किंगा म्हणजे चौकाच्या पलीकडच्या बाजूला विम्याचं दुकान थाटून बसलेली तरुण बाई. तिचं नाव या घरात काढायची सोय नव्हती.

“गेले की.”

“किती स्वस्तात दिली?”

“स्वस्त कुठली? थोडी महागच पडली.”

साहेबांचा चमचा तोंडाजवळ तसाच राहिला. स्वस्त असती तर ते रागावले असते, आणि रागावणं त्यांना चांगलं जमायचं. महाग म्हटल्यावर काय करायचं, हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं.

“मग घेतलीस कशाला, बाई माझे?”

“तिने विचारलं म्हणून.”

“काय विचारलं?”

“सगळं. गाडी कोण चालवतं, किती चालवतं, कुठे जाता, एकट्या जाता का. कॉफी दिली, केक दिला आणि विचारत बसली. मी बोलतच राहिले, रोमेक. घसा कोरडा पडला बोलून बोलून.”

“त्यात विचारायचं काय एवढं? मला सगळं माहीत आहे. गाडी मी चालवतो. ऑफिस, रविवारचं चर्च आणि ऑगस्टमध्ये तळं.”

“ऑफिसला तू चालत जातोस.”

“बरं. चर्च आणि तळं.”

“आणि दर गुरुवारी मी गाडी घेऊन शहरात जाते, वॉम्झाला.”

“वॉम्झाला?” साहेबांनी चमचा खाली ठेवला. “कुणाकडे?”

लुद्विकाला हसू आवरेना. “बघा, या वयात संशय! कुणाकडे नाही. पोहायला. तिथे पोहण्याचा मोठा हौद आहे, गरम पाण्याचा. दोन वर्षं होतील आता.”

“पण तुला पाणी आवडत नाही!”

“असं कोण म्हणालं?”

“कोण म्हणजे? दर उन्हाळ्यात तळ्यावर जातो आपण. मी पाण्यात आणि तू काठावर माझा टॉवेल घेऊन. इतकी वर्षं बघतोय मी.”

“मला पोहता येत नव्हतं, म्हणून काठावर. आणि तू टॉवेल हातात दिलास, म्हणून टॉवेल घेऊन. तुलाही शिकवू का, असं विचारलंस कधी?”

“नको असतं तर तू बोलली असतीस ना.”

बोलून गेले खरे. हेच शब्द सकाळी आपण कुणाला ऐकवले, हे त्यांना चांगलं आठवत होतं.

“गुरुवारी माझे केस ओले असायचे,” लुद्विका ताटली उचलता उचलता म्हणाली. “तू म्हणायचास, दार लाव, गारठा आत येतोय.”

दुसऱ्या दिवशी सकाळी बेकरीतल्या बाईने पाव देताना मुद्दाम विचारलं, “साहेब, खसखशीची गुंडाळीही देऊ, की ती हल्ली पलीकडून घेता?” औषधवाल्याने डोकेदुखीची गोळी न मागताच पुढे केली. पेंकालासाहेब मूग गिळून ऑफिसात शिरले, दार आतून लावलं आणि मुख्य ऑफिसला फोन केला. स्पीकर अर्थातच बंद.

“असं करता येईल का,” ते हळू आवाजात म्हणाले, “की आपली पॉलिसी राहू द्यायची आणि ती दुसरी रद्द करायची?”

कोवळ्या आवाजाने त्यांना नियम समजावला. अगदी सावकाश, लहान मुलाला समजावावा तसा. मधे “फोनवर चालणार नाही हं, लेखी द्यावं लागेल,” असंही म्हणाला. पेंकालासाहेबांनी आयुष्यात पहिल्यांदा तो नियम दुसऱ्या बाजूने ऐकला, आणि त्यांना तो मुळीच आवडला नाही.

मग त्यांनी टाय नीट केला आणि आपण सहज हवा खायला निघालो आहोत असा आव आणून चौक ओलांडला. धुकं होतं तरी दोन खिडक्यांचे पडदे हललेच.

“या, साहेब, बसा ना,” किंगा उठून उभी राहिली. “कॉफी?”

“कॉफी नको. पॉलिसी रद्द करा.”

“नाही हो करता येत. बाईंनी विचार करून सही केलीय. तुमच्याकडची आपोआप झाली, ती जाईल. मी एजंटच्या परीक्षेला बसले तेव्हा हे तुम्हीच मला समजावलं होतं.” ती खरंच ओशाळली होती. “आणि काळजी करू नका, गाडी चालवणाऱ्यांत तुमचंही नाव घेतलंय. अधूनमधून चालवणारा म्हणून.”

“अधूनमधून?”

“बाई म्हणाल्या तसं.”

परत येताना साहेब चौकाच्या मधोमध थांबले. आता हेही काहीतरी पुटपुटणार, म्हणून पडद्याआडचे लोक कान टवकारून उभे राहिले असतील. पण ते पुटपुटले नाहीत. त्यांना भीती वाटत होती, आणि ती गावाची नव्हती. गाव चार दिवस हसेल आणि मग त्याला दुसरं कुणीतरी सापडेल. भीती लुद्विकाची होती. या बाईने त्यांना न सांगता पोहायला शिकून घेतलं. मनातल्या मनात तिने आणखी काय काय बंद करून टाकलं असेल? आणि ते आपले लेखी कळायची वाट बघत बसलेले! उद्या घरच बंद झालेलं कळलं तर कुठे अर्ज करायचा?

रात्रीच्या जेवणाआधी त्यांनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर स्वतःच्या हाताने अर्ज लिहिला. मजकूर पाठच होता, गावातल्या निम्म्या लोकांना त्यांनीच तो सांगितला होता. लुद्विकाने ओले हात पुसून सही केली. आता अर्ज स्वीकारायचा म्हणजे एजंटचा शिक्का हवा, आणि एजंट तर समोरच बसलेला. पेंकालासाहेबांनी बॅगेतून शिक्का काढला, त्यावर “हाऽ” करून फुंकर मारली आणि स्वतःच्याच बायकोने आपल्याला सोडल्याच्या कागदावर तो उमटवला. लुद्विकाने तोंड फिरवून चुलीवरच्या भांड्यात उगाच डाव फिरवला. तिचे खांदे हलत होते. हसत होती की रडत होती, हे विचारायचा धीर साहेबांना त्या रात्री झाला नाही.

वॉर्साला मात्र त्यांनी कळवलं. “ग्राहकाला प्रत्यक्ष भेटलो.”

“नाराजीचं कारण काय लिहू, साहेब?”

“लिहा, एजंटने कधी काही विचारलं नाही.”

“असंच लिहू? तुमच्यावर येईल हो ते.”

“माझ्यावरच येऊ दे.”

गुरुवार आला. दुपारी पेंकालासाहेबांनी ऑफिसला कुलूप लावलं, तेव्हा औषधवाला दारात येऊन बघत राहिला, कारण गुरुवारी हे ऑफिस बंद झालेलं त्याने पाहिलंच नव्हतं. साहेब भराभरा घरी गेले. अंगणात स्कोडा सुरू होती आणि लुद्विका स्टिअरिंगवर हात ठेवून काचेवरचं दव जायची वाट बघत होती. शेजारच्या सीटवर तिची पोहण्याची पिशवी. साहेबांनी सवयीने तिच्या बाजूचं दार उघडायला हात पुढे केला, म्हणजे ती पलीकडे सरकेल आणि आपण चालवू. मग हात मागे घेतला. गाडीला वळसा घालून ते दुसऱ्या बाजूला गेले आणि काचेवर टकटक केलं.

लुद्विकाने काच खाली केली. “काय रे? काही विसरलास?”

“नाही.” त्यांनी टाय सैल केला. “मी येऊ का?”

“कुठे?”

“तुझ्याबरोबर. तू पोहशील, मी काठावर बसेन. टॉवेल धरून. नको असेल तर नको म्हण, मी जातो परत ऑफिसात.”

 लुद्विकाने समोर बघितलं, आरशात बघितलं, मग त्यांच्याकडे बघितलं, निवांत, नीट, काही घाई नसल्यासारखं. पेंकालासाहेब थंडीत काचेशी वाकून उभे होते. ती हो म्हणेल की नाही हे त्यांना खरोखरच माहीत नव्हतं, आणि लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर असं माहीत नसणं किती कठीण असतं, हे त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

मग तिने सीटवरची पिशवी उचलून मागे ठेवली.