पेद्रूकाकांची सावकाश साथ

पेद्रूकाकांच्या घरी गेलं की आधी दाराजवळच्या स्टुलावर बसायचं आणि हलायचं नाही. हातात चहा असला तर तो हातातच गार व्हायचा. काका कोपऱ्यात थेरेमिनसमोर उभे असत. या वाद्याला वाजवणारा हात लावत नाही. खोक्यातून एक उभी दांडी आणि एक आडवी कडी निघते, त्यांच्या आसपास हवेत हात फिरवला की सूर चढतो, उतरतो. पण शेजारून दुसरं कुणी गेलं तरी सूर घसरतो. आमच्या भाईंदर पश्चिमेच्या इमारतीतल्या खोल्या केवढ्या! त्यामुळे काका वाजवू लागले की घरातल्या सगळ्यांनी पुतळे व्हायचं. एकदा आग्नेसकाकूंनी विचारलं, "उठू काय? गॅसवर भात हाय." काका डोळे मिटूनच म्हणाले, "कडवं संपंल, मंग ऊठ." त्या दिवशी आम्ही सगळ्यांनी करपलेला भात खाल्ला.

काका मूळचे उत्तनचे. रविवारी गावच्या चर्चमध्ये पेटी वाजवायची आणि इतर दिवशी भाईंदरच्या बाजारात रेडिओ दुरुस्त करायचे, असं त्यांचं आयुष्य गेलं. उघड्या रेडिओजवळ हात नेला की आतली शिट्टी बदलते, एवढ्यावरून हा माणूस या वाद्याच्या नादी लागला. आधी स्वतःसाठी एक बनवलं, मग हौसेने दुसरं. नंतर त्यांचे हात कापू लागले. थेरेमिन कापरा हात लपवत नाही, जेवढा हात थरथरतो तेवढा सूर थरथरतो. एके दिवशी त्यांनी खोक्यावर कापड टाकलं आणि माळ्यावरची पेटी खाली काढली. बोटं पट्ट्यांवर टेकली की कंप जरा आवरायचा.

त्या पेटीवर ते थेरेमिनवाल्यांसाठी साथ वाजवू लागले. मुख्य चाल वाजवायची नाही, तिची जागा मोकळी सोडायची. सुरुवातीला चार आकडे मोजायचे आणि पहिला सूर लांबवर धरून ठेवायचा, कारण "हवेत पट्ट्या न्हाय. पयला सूर दिला न्हाय तं माणूस उभा ऱ्हाईल कुठं?" त्यांच्या मुलीने, रीनाने, इंटरनेटवर एक पान उघडून दिलं. तिथे चर्चची गाणी, लग्नातली गाणी, जात्यावरच्या चाली असं सगळं जमत गेलं. कुणीही आपल्या फोनवर उतरवून घ्यावं, सराव करावा. कुठल्या तरी थंड देशातल्या एका बाईने लिहिलं की पहिला सूर देणारे तुम्हीच एकटे. काकांनी ते रीनाकडून तीनदा वाचून घेतलं. मी एकदा म्हटलं, काका, थोडे पैसे तरी ठेवा. "हवा फुकट हाय," ते म्हणाले, "तिच्यात वाजवायची साथ इकू कशी?"

मी त्यांच्या खालच्या मजल्यावर राहते. लहानपणी गाणं शिकले होते, पण घशाच्या ऑपरेशननंतर आवाज घोगरा झाला आणि गाणं सुटलं. काकांना हे कळल्यावर त्यांनी दुसरं थेरेमिन उचलून माझ्या घरी आणून ठेवलं. "गळा गेला तं काय झालं सुजू? तुझं हात धड हायेत." मी आईची एक अंगाई त्यांना घोगऱ्या आवाजात म्हणून दाखवली. आठवड्यात त्यांनी तिची साथ तयार केली आणि माझ्या नावाने पानावर ठेवली.

मी ती उतरवलीच नाही. काशीमीऱ्याला एका गोदामात मी मालाच्या नोंदी घेते. दिवसभर उभं राहायचं, ट्रकवाल्यांशी हिंदीत वाद घालायचे, घरी येऊन पोळ्या लाटायच्या. त्यानंतर हवेत हात धरून उभं राहायचं म्हटलं की अंगावर काटा यायचा. दर रविवारी काका जिन्यात विचारायचे, "वाजवलंस काय गो?" आणि मी म्हणायचे, "हो काका." एकदा त्यांनी पुढे विचारलं, "कसं वाटलं?" काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हटलं, "जरा जलद आहे."

पुढच्या रविवारी म्हणाले, "सावकाश केलंय." मी पुन्हा म्हटलं, "अजून थोडं हळू चाललं असतं." मला वाटायचं, कंप्युटरवर एक बटण दाबायचं असेल. काकांचा चेहरा थकलेला दिसायचा, पण थकलेले तर आपण सगळेच असतो, असं म्हणून मी पुढे जायचे. तिसऱ्यांदाही मी तेच सांगितलं. त्यावर ते म्हणाले, "घाय न्हाय. सापडंल."

गेल्या पावसाळ्यात काका गेले. चर्चमध्ये त्यांच्यासाठी झालेल्या महिन्याच्या मिस्सेनंतर रीनाने मला बसवून त्यांचं पान दाखवलं. अंगाई चार वेळा होती. पहिली साधी, मग ‘सावकाश’, मग ‘अजून सावकाश’, मग ‘सुजूसाठी, घाई नाही’. प्रत्येकीपुढे ती किती वेळा उतरवली त्याचा आकडा असतो. चारही ठिकाणी शून्य होतं.

"पप्पा रोज सकाळी हे आकडे बघायचे," रीना म्हणाली. जिन्यातली माझी उत्तरं तिला माहीत नव्हती. "आणि ही चौथी करताना फार दमले. मी म्हटलं, आधीचीच मशीनवर ताणू या. तर म्हणे, ताणलं की पेटीचा श्वास तुटतो. दहा दुपारी बसले होते."

मला तिथे धड रडताही येईना. रविवारी जिन्यात विचारताना त्यांना उत्तर माहीत होतं आणि तरी ते पुन्हा पेटी उघडून बसत होते.

त्या संध्याकाळी मी थेरेमिनवरची धूळ पुसली. सासूबाईंना मेथीच्या जुडीसकट कोपऱ्यात बसवलं, नवऱ्याला म्हटलं हलू नकोस. चौथी साथ उतरवली. काकांचा आवाज आला, एक, दोन, तीन, चार. मग तो पहिला सूर, भात्यावरच्या हातासारखाच कापरा, संपता संपेना. मला माझा सूर सापडायला जवळजवळ तेवढाच वेळ लागला. चाल पूर्ण झाली तेव्हा खांदे भरून आले होते आणि सासूबाईंच्या हातातली मेथी तशीच होती.

सकाळी रीनाचा फोन आला. "अगं, चौथीपुढे एक आकडा आलाय. तू वाजवलंस काय?"

"हो," मी म्हटलं, आणि जिन्याकडे बघत राहिले.