शांत वर्ग बराबर न्हाई

शाळेत किस्से जमवावे लागत नाहीत, ते आपोआप साचतात. उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर वर्ग उघडला की बाकांवर धुळीचा थर असतो ना, तसे. कुणी मुद्दाम आणून टाकलेला नसतो, पण बोट फिरवलं की नाव लिहिता येतं! आमच्या स्टाफरूममध्ये दुपारचा चहा झाला की कुणीतरी असं बोट फिरवतंच.

मी भूगोलाचा. सेनगावहून गोरेगावकडे जाताना माळावर आमची शाळा आहे, पाचवी ते दहावी. वर्गाच्या खिडकीतून तुरीची शेतं दिसतात, मेंढरं दिसतात आणि ऊन चढलं की लांबचे डोंगर पाण्यात पडल्यासारखे हलतात. मला त्या खिडकीचं वेड. शिकवता शिकवता मी कधी बाहेर जातो, माझं मलाच कळत नाही. गणिताचे चव्हाण सर म्हणतात, "सर, मस्टरवर सही अर्धीच करत जा, अर्धे तर तुमी बाहेरच असता!"

आता सांगतो ते किस्से मारामारीचे आहेत. म्हणजे न झालेल्या मारामारीचे. एक सोडून.

* * *

मोठ्या मॅडम आमच्याकडे मुख्याध्यापिका म्हणून आल्या, त्याला पंधराच दिवस झाले होते. मधली सुट्टी संपलेली. वारं पडलेलं, कडुलिंबाचं पान हलत नव्हतं. मॅडम व्हरांड्यातून चालल्या होत्या आणि आठवीच्या वर्गातून आवाज म्हणून नाही. मॅडम खूश!

"बघा, ह्याला म्हणतात शिस्त!"

मागून आमचे शिपाई रशीदचाचा पाण्याची घागर घेऊन येत होते. चाचांची नोकरी आम्हा सगळ्यांपेक्षा जुनी. ते घागर खाली ठेवून म्हणाले, "मॅडम, शांत वर्ग बराबर न्हाई."

"काहून हो?"

"चाळीस लेकरं एकाच वक्ताला गप कशी बसतील? कायतरी ठरलं हाय."

दुसरं कुणी असतं तर हसलं असतं. मॅडम हसल्या नाहीत. सरळ वर्गात गेल्या.

"काय ठरलंय रे?"

सगळ्यांच्या माना खाली.

"बरं, काय ठरलंय ते सांगू नका. किती वाजता, तेवढं सांगा."

शेवटच्या बाकावरून एक पोरगं झोपेत बोलल्यासारखं बोललं, "पाच वाजता, मॅडम!"

पाच वाजता शाळेमागच्या ओढ्यात दोन टोळ्या येणार होत्या. दोन पोरांच्या दप्तरात सायकलच्या चेन निघाल्या. भांडण कशावरून? एका नो-बॉलवरून! पाच वाजता ओढ्यावर मॅडम, चव्हाण सर आणि मी आधीच जाऊन बसलो. पोरं आली, आम्हाला बघून थबकली आणि मग हळूहळू वाळूत बसली. तो नो-बॉल होता की नव्हता, यावर ऊन उतरेपर्यंत चर्चा झाली. चव्हाण सरांनी वाळूत क्रीज आखून दाखवली. अजून निकाल लागलेला नाही.

* * *

सहावीत मल्हारी होता. घरी मेंढरं. एकदा त्याची भूगोलाची वही तपासताना शेवटचं पान उलटलं. लिहिलं होतं, 'शनिवारी एकेकाला संपवणार. कोणालाच सोडणार नाही.' खाली सात नावं!

मी वही घेऊन थेट मॅडमकडे. मॅडमनी वडलांना निरोप पाठवला. बिचारा माणूस मेंढरं शेजाऱ्याच्या भरवशावर टाकून, खांद्यावर घोंगडी तशीच घेऊन धावत आला. मॅडमनी दार लावून घेतलं आणि मल्हारीला अगदी हळू विचारलं, "बाळा, शनवारी काय हाय?"

"कॅरम हाय, मॅडम."

चव्हाण सरांना हसू आवरेना. वडील म्हणाले, "सर, ह्याला कोकरू ठेचकाळलं तरी रडू येतं. हे काय कुनाला संपवतंय!" मी दोन्ही हात जोडले. त्यांची अर्धी दुपार माझ्यापायी गेली होती.

ते गेल्यावर मॅडम आम्हाला म्हणाल्या, "दहादा हसं झालं तरी चालंल. अकराव्यांदा बी विचारायचं."

मल्हारी मात्र दारातच घुटमळत होता. म्हणाला, "सर, शेवटचं पान बी वाचता तुमी?"

"हो. का रे?"

वही घेऊन पळाला. पण त्या आठवड्यापासून त्याच्या वहीच्या शेवटच्या पानावर माझ्यासाठी चार ओळी असायच्या. कोणती मेंढी व्याली, कुठल्या माळावर धुकं उतरलं होतं, रात्री कोल्हा कुठून ओरडला. भूगोल मी त्याला शिकवला की त्यानं मला, हे सांगता यायचं नाही!

* * *

आता तो एक.

नववीत ओंकार होता. सोमवारी तास संपल्यावर माझ्या मागे आला. "सर, माझी जागा बदला ना."

मी म्हणालो, "बघू रे."

मंगळवारी परत. "सर, जागा..."

"अरे हो, बघू."

बुधवारी त्याने तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा मी खिडकीत होतो. शेजारच्या शेतात हळद शिजवायला घातली होती. कढईतून वाफ वर चढत होती, उन्हात पिवळसर दिसत होती, सगळ्या वर्गात तो ओला, मातकट वास भरला होता. मी त्या वाफेकडे बघत म्हणालो, "उद्या."

त्या 'उद्या'च्या तिसऱ्या तासाला एक किंकाळी आली. ओंकारने शेजारच्या विशालच्या हातात कर्कटक खुपसलं होतं. तळहाताच्या मागच्या बाजूला, आत. पुढ्यात भारताचा नकाशा होता, त्यावर रक्त. रशीदचाचांनी खांद्यावरचा रुमाल काढून हात बांधला, चव्हाण सरांनी मोटारसायकल काढली. टाके पडले. बोटं हलत होती, एवढंच नशीब.

मग एकेक बाहेर आलं. विशाल त्याला चार महिने चिमटे काढत होता. डब्यात थुंकत होता. आईबद्दल घाणेरडं लिहून वही पुढे सरकवत होता. शेजारच्या बाकांना सगळं माहीत होतं. फळ्यापासून ते बाक फार तर दहा पावलांवर, आणि मला काही माहीत नव्हतं.

मॅडमच्या खोलीत दोघांचे आईवडील बसले होते. विशाल रडत होता, त्याची आई रडत होती. ओंकार रडत नव्हता. मॅडम म्हणाल्या, "ओंकार, तू केलं ते लई वाईट केलं. तुला काही बोलायचंय का?"

त्याने माझ्याकडे बघितलं.

"सर, आता बदलणार का जागा?"

दोघांनाही शाळेतून काढलं नाही. तुकड्या वेगळ्या केल्या, आणि मॅडम कितीतरी दिवस रोज अर्धा तास एकेकाला समोर बसवून बोलत राहिल्या. हा किस्सा स्टाफरूममध्ये दुसरं कुणी सांगत नाही. नवीन शिक्षक रुजू झाले की मीच सांगतो.

* * *

त्यानंतर मॅडमनी नियम काढला. लेकरानं जागा बदलून मागितली की त्याच तासाला द्यायची. कारण नंतर विचारायचं.

झालं! पहिल्या आठवड्यात सगळी शाळा उठून बसली. अर्ध्या वर्गाला खिडकी पाहिजे, उरलेल्यांना पंख्याखाली. सहावीतली आलिया तर रोज नवी जागा मागायची. सोमवारी पहिला बाक, मंगळवारी भिंतीकडचा, बुधवारी दाराजवळचा. चव्हाण सर वर्गशिक्षक, ते कावले. "पोरी, ही काय सहल हाय का?"

"न्हाई सर. सगळ्यांजवळ बसून बघून राहिले, कोण कसं हाय ते."

"मग? कसे हायेत?"

"चांगले हायेत." आलियानं भिंतीकडच्या बाकाकडे बघितलं. "कावेरी रडते, सर. आवाज न करता. डोळे उघडे ठेवून. तुमाला म्हाईत हाय का?"

सरांना माहीत नव्हतं. मॅडमनी कावेरीला जवळ घेऊन विचारलं, तेव्हा कळलं की दहावीतली दोन पोरं तिला पुसेगावच्या वाटेवर रोज अडवत होती. त्याच दिवशी त्या दोघांच्या घरी निरोप गेला, आणि कावेरीची वाट मोकळी झाली.

संध्याकाळी चव्हाण सरांनी स्टाफरूममध्ये हजेरीपट मॅडमसमोर ठेवला. मग म्हणाले, "मॅडम, माझं वर्गशिक्षकपद काढा. आलियाला द्या!"

* * *

तक्रारपेटी प्रत्येक शाळेत असते. आमचीही होती, ऑफिसच्या अगदी समोर, कुलूप लावलेली. सहा महिन्यांत तिच्यात एक मेलेली पाल निघाली.

चाचा म्हणाले, "ऑफिसच्या म्होरं कोण टाकंल? मी बी न्हाई टाकणार!" आणि त्यांनी पेटी उचलून पाण्याच्या टाकीमागे, कडुलिंबाला टांगली. तिथं सावली असते, आणि कुणाचं लक्ष नसतं.

पुढच्या सोमवारी पेटी गच्च! पहिली चिठ्ठी: 'पेटी इथं आणली ते बरं केलं.' दुसरी: 'भूगोलाचे सर बाहेर काय बघतात?' तिसरीत एका मुलाने लिहिलं होतं की घरी फार मारतात, आणि शाळेत आल्यावर मला कुणालातरी मारावंसं वाटतं. त्या चिठ्ठीवर आम्ही कुणी हसलो नाही. अक्षर ओळखून मॅडम त्या संध्याकाळी त्याच्या घरी जाऊन आल्या, आणि नंतरही जात राहिल्या.

सगळ्यात खाली एक चिठ्ठी उर्दूत निघाली. कुणालाच वाचता येईना. मॅडमनी ती चाचांपुढे धरली. "चाचा, काय लिहिलंय?"

चाचांनी चष्मा लावला, गंभीरपणे वाचली. "शिपायाला नवी खुर्ची पायजे, असं लिहिलंय."

"कुणी लिहिलंय?"

"निनावी हाय, मॅडम."

* * *

जानेवारीतली सकाळ होती. तुरीवर धुकं अजून विरघळलं नव्हतं, पोरं बोलली की तोंडातून वाफ निघत होती. पहिला तास सुरू व्हायच्या आधी दहावीतली नगमा स्टाफरूमच्या दारात आली आणि नुसतीच उभी राहिली.

"काय गं?"

"सर, समाधान आज दप्तर खाली ठेवून न्हाई राहिला."

"म्हणजे?"

"रोज आल्या आल्या फेकतो. आज मांडीवर धरून बसलाय. आन् सर, मागच्या बाकावरचे ते तिघं हायेत ना, त्यांच्याकडं तो रोज भिऊन भिऊन बघतो. आज बघूनच न्हाई राहिला."

मी तसाच उठून मॅडमकडे गेलो. मॅडमनी पूर्ण ऐकून घेतलं. आधी चव्हाण सरांना सांगितलं, "त्या तिघांना प्रयोगशाळेत न्या, कायबी कारण सांगा, आन् मी म्हणेपर्यंत सोडू नका." मग स्वतः वर्गाच्या दारात गेल्या.

"समाधान, जरा बाहेर ये. दप्तर घेऊनच ये."

तो आला. दप्तर छातीशी, कापडातून काहीतरी वाकडं, टोकदार उमटलेलं. चेहरा असा, जणू फार लांबून कुणीतरी हाक मारतंय आणि त्याला नीट ऐकू येत नाही.

"शाळेमागं गाजरगवत लई वाढलंय," मॅडम म्हणाल्या. "तुझ्याकडं विळा हाय का?"

मी आणि चाचा वीस पावलांवर भिंतीशी उभे होतो. चाचांनी माझं मनगट धरून ठेवलं होतं. धुक्यात कुठेतरी मेंढ्यांच्या गळ्यातली घंटी वाजत होती.

"हाय," तो म्हणाला.

"चल मग."

तो पुढे, मॅडम चार हात मागे, आम्ही त्यांच्या मागे. त्याने दप्तरातून विळा काढला आणि गवतावर घातला. सुरुवातीला असा, की बघवत नव्हतं. मुळासकट उपटून, फेकून. मॅडम कापलेलं गोळा करत राहिल्या. त्यांच्या साडीवर सगळी पांढरी फुलं चिकटली. ऊन आलं, धुकं गेलं. हळूहळू त्याचा हात संथ झाला, आणि मग आम्हाला दिसलं की तो रडतोय, आणि कापतोय, आणि रडतोय.

तिथंच गवतात बसून त्याने सांगितलं. दोन वर्षं ते तिघं गोरेगावच्या जीपमध्ये त्याला छळत होते. काल भरल्या जीपमध्ये त्याचा शर्ट फाडला, व्हिडिओ काढला. कुणी काही बोललं नाही. ड्रायव्हरही हसला.

दुपारी मॅडम म्हणाल्या, "समाधान, शाळेला विळा न्हाई. हा इथंच ठेवू का?"

"ठेवा," तो म्हणाला. "मूठ ढिली हाय पण. ठोकून घ्या."

त्याच दिवशी त्याचे आईवडील आले, त्या तिघांचेही आले. व्हिडिओ सगळ्यांसमोर मोबाइलमधून पुसून टाकला. तिघांना काय शिक्षा झाली, समाधानला आठवड्यातून दोनदा हिंगोलीला समुपदेशकाकडे बोलायला नेलं, ते सगळं रीतसर झालं. पण दुसऱ्या दिवसापासून मॅडमनी एक गोष्ट केली. त्या सेनगावला राहतात. सकाळी स्कूटीवर शाळेच्या पुढे निघून जायच्या, गोरेगावला स्कूटी लावायच्या आणि पोरांबरोबर जीपने शाळेत यायच्या, संध्याकाळी तसंच परत. मधल्या सीटवर, दप्तरांच्या ढिगात. परीक्षा होईपर्यंत रोज.

फेब्रुवारीत दहावीचा निरोप समारंभ झाला. पोरी साड्या नेसून, पोरं केस चापून. भाषणं झाली, रडारड झाली, मग अंगणात समोसे. समाधान मॅडमजवळ आला. शेजारी नगमा होती, हातात प्लेट, नजर दुसरीकडेच.

"मॅडम, एक विचारू? त्या दिवशी तुमाला कसं कळलं व्हतं?"

मॅडमनी समोशाचा तुकडा मोडला.

"काय कळलं? गवत वाढलं होतं रे."